स्टुडिओतली शिटी

माझा आवाज चांगला आहे हे मला कुणी सांगावं लागत नाही. मीच सगळ्यांना सांगत असतो. पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणं हा माझा धंदा. यावेळची कादंबरी सहाशे पानांची. शेवटचं प्रकरण त्या दिवशी झालं नाही, तर सगळं पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाणार होतं. तो दुसरा चांगला वाचतो. हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

त्याच्या चार दिवस आधी साधी सर्दी झाली. दमेकऱ्याची सर्दी साधी नसते, नाकातून छातीत उतरायला तिला वेळ लागत नाही, असं आमच्या डॉक्टरीणबाई दरवर्षी बजावतात आणि मी दरवर्षी हो म्हणतो. म्हणून दम्याचा रोजचा पंप चुकवायचा नाही. पण त्या पंपाने माझा आवाज घोगरा होतो. पंप घेतल्यावर चूळ भरा, असंही त्या सांगतात. पण मोठ्या कलावंतांना एवढी सवड कुठली? महिनाभर मी तो पंप मोज्यांच्या खणात दडवून ठेवला होता.

शेवटच्या प्रकरणाच्या दहाव्या पानावर ध्वनिमुद्रक बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "थांबा. मागे शिटी वाजतेय."

एसी बंद केला. शिटी होतीच. खुर्चीला तेल घातलं, दाराच्या फटीत कापड कोंबलं. मीही टेबलाखाली रांगून आलो आणि वर त्यांनाच ऐकवलं, "तुमच्या माइकमध्येच खोट असेल."

बाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबले. "तुम्ही जरा श्वास रोखा बरं."

रोखला. शिटी थांबली.

"सोडा."

वाजली.

"एवढं एकच प्रकरण राहिलंय," असं मी म्हणायला गेलो. "एवढं" झालं आणि दम संपला. खिशातला तातडीचा निळा पंप चारदा ओढला, फरक शून्य. बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं, माझ्या बायकोला फोन लावला आणि मला गाडीत घालून थेट हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय? एका वाक्यात सांगा."

सहाशे पानं वाचायला निघालेल्या या गळ्यातून तीन शब्द सलग निघेनात. मी घाबरलो, अगदी मनापासून घाबरलो. तेवढ्यात बायको पोचली आणि पुढे झाली. "चार दिवस सर्दी आहे. पंप घेतच नव्हते. आज सकाळी मोज्यांच्या खणात सापडला मला. विचारलं असतं, तर म्हणाले असते, संपलाय."

एरवी मी तिला दुसऱ्याच शब्दाला अडवलं असतं.

तोंडावर मास्क चढला, औषधाची वाफ सुरू झाली. बायको वाकून म्हणाली, "पुस्तक त्या दुसऱ्या वाचकांना द्या म्हणून कळवू?"

मी मान डोलावली.

"नक्की? नंतर माझ्यावर ढकलाल."

मी पुन्हा डोलावली. मला पुस्तक नको होतं, पुढचा श्वास हवा होता.