चंपाक्काचं कानडी

बायडाक्काला पुण्यात बोलावलं होतं ते तिचंच बोलणं दुरुस्त करायला. अर्थात असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. फोनवर रणजितने एवढंच सांगितलं होतं की थोडं डबिंग करायचंय, अर्ध्या तासाचं काम आहे. डबिंग म्हणजे काय हे विचारायची तिला लाज वाटली, म्हणून तिनेही 'येतो की' म्हणून टाकलं.

हा रणजित सदाशिव पेठेतला दिग्दर्शक. सीमाभागावर, म्हणजे कर्नाटकात राहून गेलेल्या मराठी गावांवर, तो माहितीपट करत होता. मनापासून करत होता, हे मान्य केलंच पाहिजे. बेळगावच्या पलीकडे असलेल्या कागणहट्टीला तो पुन्हा पुन्हा येऊन गेला होता. बायडाक्काच्या हातची भाकरी खाल्ली होती आणि ती बोलत असताना कॅमेऱ्यामागे डोळेही पुसले होते. अख्ख्या गावातून त्याने हिलाच निवडली, कारण ऐन पंचविशीत तिने भाषेच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या. आणि अजूनही तिची रग गेलेली नव्हती. कचेरीतले साहेब कानडीत बोलायला लागले की तिला ऐकूच येत नसे. साहेब घाम पुसत मराठीवर आले, की कान लगेच बरे होत.

तर अशी ही बाई रात्रीच्या बसने पुण्याला आली, धायरीत भाचीकडे उतरली, आणि भाचीने, म्हणजे पूर्णिमाने, ऑफिसमधून अर्धी रजा टाकून तिला रिक्षाने सदाशिव पेठेत आणलं. स्टुडिओ एका क्लासच्या वरच्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत एक गोड चेहऱ्याची मुलगी पाण्याची बाटली घेऊन बसली होती. नाव स्वराली. कुठून आलात, तिने विचारलं. बायडाक्काने गावाचं नाव सांगितलं, प्रवास कसा झाला ते सांगितलं, बसमध्ये एसीने पाय कसे आखडले तेही सांगितलं.

"कर्नाटकातून? अय्या," स्वराली म्हणाली, "पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही."

पोरीच्या मनात काही नव्हतं. ती कौतुकच करत होती. पण ज्या भाषेपायी पाठीची सालटं निघाली, ती आपण 'छान बोलतो' हे कुणाकडून तरी ऐकायला एवढ्या लांब यावं लागलं, याचा बायडाक्काला असा काही राग आला की तिने पुढे आलेला चहा तसाच ठेवला. पूर्णिमाने खाली बघितलं. तिला ते वाक्य नवं नव्हतं. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की ती दुसऱ्या वर्षापर्यंत गावाकडचं 'आलो, गेलो' सोडून 'आले, गेले' म्हणायला लागली होती.

रणजित आला, वाकून पाया पडला, दोघींना आत घेऊन गेला. भिंतींना स्पंज लावलेली खोली, समोर पडदा, मधे माईक. त्याने आधी तिला तिचाच तुकडा दाखवला. पडद्यावर बायडाक्का आपल्या दारात बसून सांगत होती:

"मी पळत गल्लीत शिरलो नि चंपाक्काचं दार वाजवलो. चंपाक्का कानडी. तिचा मालक आमच्या मोर्च्यावर दात खाऊन असायचा. तरी ती मला आत घेतली, दार लावली. पोलीस आले तर उंबऱ्यात उभारली नि म्हणाली, इकी नन्न तंगी. ही माझी धाकटी भण म्हणून. पोलीस तिचं कानडी ऐकले नि गेले."

बायडाक्काला स्वतःला बघून बरं वाटलं. चंपाक्का घराशेजारी अजून आहे, दोघींची भिंत एक आहे, आणि ही गोष्ट कधीतरी सगळ्या जगाला कळावी असं तिला फार वर्षं वाटत होतं. कॅमेऱ्यासमोर ती बसली होती ती त्याच्यासाठीच.

मग रणजितने तिच्या हातात कागद दिला. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई, तिने सावकाश, मोठ्याने वाचलं. "मी धावत गल्लीत शिरले आणि शेजारच्या चंपाताईंचं दार ठोठावलं. त्यांनी मला आत घेतलं. पोलिसांना त्या म्हणाल्या, ही माझी बहीण आहे."

"हे कोण म्हटलंय?" तिने विचारलं.

"तुम्हीच, आक्का. फक्त प्रमाण भाषेत आणलंय."

"मी 'शिरले' म्हणालो?"

"बाईमाणूस 'शिरलो' म्हणतं म्हटल्यावर इथला प्रेक्षक हसतो हो. तुम्हाला कुणी हसलेलं मला चालणार नाही."

हसणाऱ्याचे दात दिसतील, आपलं काय जातं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पाहुणी म्हणून आलेली बाई, तिने ते गिळलं. शिरले तर शिरले. लोकांच्या गावात लोकांसारखं बोलावं लागतं. तिने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला, उलटा करूनही बघितला.

"चंपाक्काचं कानडी कुठं हाय?"

रणजितने खुर्ची पुढे ओढली. त्याला हा प्रश्न येणार हे माहीत असावं, कारण उत्तर तयार होतं. "असं बघा, फिल्म मराठी अस्मितेवर आहे. ऐन मोक्याच्या क्षणी कन्नड वाक्य आलं, तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिल्यासारखं होईल. ज्या मंडळाने या फिल्मला पैसे दिलेत त्यांचंही हेच म्हणणं आहे. अर्थ तर तोच राहतोय ना?"

"अर्थ?" बायडाक्का म्हणाली. मग उठली. खोलीच्या दारापाशी गेली, दार उघडून बाहेर उभी राहिली. "ये इकडं. हे तुझं घर. मी पोलीस. आत पोरगी लपलीया. तिला वाचवायचं तर काय म्हणतास, म्हण."

"आक्का, आपल्याकडे स्टुडिओ तीनपर्यंतच आहे."

"म्हण की."

रणजित उठून दारात आला. हसत हसत, म्हातारीचा हट्ट पुरवायचा म्हणून म्हणाला, "ही माझी बहीण आहे."

बायडाक्काने त्याचं मनगट धरलं. शेतात राबलेला हात होता, त्याला ते सोडवता येईना. "मराठी बोलालास? चल, गाडीत बस," ती म्हणाली. "ती बी आणि तू बी."

पूर्णिमा पुटपुटली, "मावशी, जाऊ दे ना," आणि बायडाक्काने तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरकली.

रणजित मनगट चोळत खुर्चीवर बसला. आता त्याच्या आवाजातला गोडवा थोडा कमी झाला होता. "ठीक आहे. मुद्दा कळला. मग आपण चंपाताईंचा भागच काढून टाकू."

"मग मी वाचलो कशी?"

"वाचलात हे दिसतंय ना, आक्का. समोर उभ्या आहात की."

पुण्यात असं कापून ठेवायची एक पद्धत आहे. रक्त निघत नाही, आवाज चढत नाही, आणि समोरच्याने काही बोललं तर तोच असभ्य ठरतो. पण बायडाक्काला सभ्य ठरायचं नव्हतं. चाळीस वर्षं जिच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, जिने नवऱ्याचा मार खाऊन आपल्याला वाचवलं, तिला हा मुलगा धूळ पुसावी तसा पुसून टाकायला निघाला होता.

तिचा चेहरा बघून रणजितने माघार घेतली. निदान त्याला ती माघार वाटली. "बरं, बरं. ठेवतो त्यांना. नाव ठेवतो, प्रसंग ठेवतो. फक्त त्या कन्नड होत्या याचा उल्लेख नको. चंपा हे नाव मराठीतही असतंच. प्रेक्षक समजून घेईल."

"आमच्या गावच्या पाटीवरचं मराठी खरवडून काढले," बायडाक्का म्हणाली, "तवा मी लाठ्या खाल्लो. आज तू चंपाक्काच्या तोंडातलं कानडी खरवडालास. तुझ्या हातात काठी न्हाई, एवढाच फरक."

"आक्का, मी तुमच्याच बाजूचा आहे."

"मी बी माझ्याच बाजूची हाय. महाराष्ट्रात यायचं म्हणतो ते मरेस्तोवर म्हणणार. पण चंपाक्काला मराठी करून न्हाई येणार. मी हे वाचणार न्हाई."

रणजितने डोळे मिटून कपाळ चोळलं. तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे, हे त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं. आणि दार उघडून बाहेर हाक मारली, "स्वराली, ये."

म्हणजे पाण्याची बाटली घेतलेली ती पोरगी इथे उगीच बसलेली नव्हती. म्हातारी अडून बसली तर असावी म्हणून आधीच बोलावून ठेवलेली होती. आवाज देणं हा तिचा धंदा. तिने बायडाक्काकडे न बघता हेडफोन चढवले, कागद एकदा नजरेखालून घातला आणि एका दमात बोलून मोकळी झाली. काम चोख होतं. आवाजाला वयसुद्धा लावलं होतं, थोडा कंपसुद्धा.

पडद्यावर तुकडा पुन्हा लावला. चेहरा बायडाक्काचा, सुरकुत्या तिच्या, कपाळावरचं गोंदण तिचं. तोंड उघडलं की आतून ती दुसरीच बोलत होती. माझ्या शेजारच्या चंपाताई. ही माझी बहीण आहे. मागे सनई टाकलेली होती.

"पूर्णिमा," बायडाक्का म्हणाली, "चंपाक्काला फोन लाव. तोंड दिसतंय तसला."

पूर्णिमाने लावला. पलीकडे आधी नुसतं कपाळ दिसलं, मग चष्मा, मग चंपाक्का. तोंडात पान होतं. रणजितला जरा हायसं वाटलं. म्हातारी निवळली, मैत्रिणीला दाखवते आहे, असंच त्याला वाटलं. त्याने उत्साहाने आवाज वाढवला आणि तुकडा पुन्हा सुरू केला. बायडाक्काने फोन पडद्यासमोर धरला.

चंपाक्काने शेवटपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांच्या शेजाराने तिला मराठी सगळं कळत होतं. संपल्यावर ती कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "इकी यार?"

बायडाक्काने कानडीतच उत्तर दिलं. भरभर, दोन-तीन वाक्यं, त्या स्पंज लावलेल्या खोलीत. चंपाक्का 'हां' म्हणाली, आणि बायडाक्काने फोन पूर्णिमाच्या हातात दिला.

"काय म्हणाल्या?" रणजितने विचारलं. "आवडलं ना?"

"इचारली, ही बाई कोण." बायडाक्काने पिशवी उचलली. "मी सांगितलो, ठाऊक न्हाई. पुण्याची दिसती."

"आक्का, असं काय करता? पहिला शो आपण तुमच्याच गावात लावणार आहोत."

"लाव की. आण तिला." ती दारापर्यंत गेली आणि तिथून पडद्यावर थांबलेल्या आपल्याच चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "पण तिच्या मागं पोलीस लागले, तर आमच्या गल्लीत तिला दार उघडणार न्हाई कुणी."