मिरचीच्या बियाची ऊब

सकाळपासून ओक्दान आणि तिचा नवरा मान्सोक यांचं वाजलं होतं, ते चुलीकडच्या जागेवरून. घराला खोली एकच. बाहेरच्या चुलीचा जाळ जमिनीखालून फिरायचा, पण तापायची ती चुलीकडची चटईएवढीच जागा. तिथं मान्सोक पडलेला. कोळशाच्या खाणीत छातीचा भाता फाटलेला माणूस. आणि दाराकडच्या गारठ्यात मिरचीचं बी पेरलेल्या, मातीनं भरलेल्या पेट्या, कापडाखाली.

बाहेर गुडघाभर बर्फ. मागल्या साली करप्यानं पीक नेलं. चार-दोन धड झाडांचं बी ओक्दाननं राखलेलं. हे गारठ्यानं मातीतच कुजलं तर सासऱ्याच्या हातच्या वाणाचा दाणा उरणार नव्हता.

"पेट्या हिकडं घे. मला दाराशी लोट," मान्सोक म्हणाला.

"आधी मानूस, मग मिरची."

"मी काय औंदा उगवनार हाय व्हय?"

ती दोर घेऊन उठली. लाकडं आणायला डोंगरात गेली.

मोळी ओढत परतेस्तोवर दुपार कलली. दार उघडलं, तर मान्सोक उंबऱ्याशी आडवा, ओठ निळे. पेट्या उबेला, वर त्याचं पांघरूण. तिनं शिव्या देत पेट्या परत दाराकडं सारून त्याला जागेवर ओढलं, पाय चोळले, पेज पाजली. पण गारठा छातीत बसला होता. दोन-चार दिवसांत तो गेला.

गाव जमलं. मयत घरात असेस्तोवर जमीन तापवायची नाही, चूल विझवा, असं धाकटा दीर छांगसूनं रीतीप्रमाणे सांगितलं आणि स्वतःच पाण्याचं भांडं उचललं. ओक्दान चुलीच्या तोंडाशी जाऊन बसली.

"चूल विझायची न्हाय, भाऊजी. त्यास्नी पडवीत न्या."

"वैनी, भावाला थंडीत टाकू? लोक काय म्हनतील?"

"त्यास्नी आता थंडी वाजत न्हाय. बियाला वाजती."

बायका कुजबुजल्या, बाई हाय का दगुड. शेवटी चौघांनी मयत पडवीत नेलं. माणसं तिथंच कुडकुडत बसली, आणि ही पेट्या उबेच्या जागी सरकवून एकटी चुलीत लाकडं सारत राहिली.

तिसऱ्या दिवशी माती देऊन आल्यावर तिनं पेट्यांवरचं कापड उचललं. मातीतून वाकड्या मानेचे पांढुरके कोंब वर आले होते. सगळे नव्हते, निम्मे असतील. तिनं कापड सारखं केलं. गारठा आत येऊ नये म्हणून आधी दार लावून घेतलं, आणि मग पेट्यांशेजारी बसून पोटभर रडली.