भिंगाखालची पुसट वर्तुळं

मी एक भिंग बोलतोय. जुनं चिनी गद्य कोळून प्यालेलं असं दुसरं भिंग अमेरिकेतल्या या अख्ख्या ॲन आर्बर गावात सापडणार नाही! प्रवासवर्णनं, पत्रं, थडग्यांवरचे लेख, सगळं माझ्या काचेतून गेलंय. आता खरं सांगतो, एका वेळी दीडच अक्षर गेलं, आणि त्यातलंही अर्धं कडेला कापलं गेलं. शिक्षण म्हणाल तर एवढंच.

जन्म कारखान्यातला. पुढे औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी टांगून घेतलं. तिथून मला उचललं लिन सरांनी. चिनी शिकवणारे रिटायर्ड मास्तर, डोळे अधू, नाक भलं मोठं. निदान माझ्यातून तरी! त्यांची चार वर्षांची नात माझ्यातून आजोबांचा डोळा बघून किंचाळायची. मला कोण आनंद व्हायचा.

सरांकडे त्यांच्या आजोबांचं एक पुस्तक होतं, दोऱ्यानं शिवलेलं. त्यात ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि वाक्य आवडलं की त्याच्याशेजारी छोटी छोटी वर्तुळं काढत जायचं. टाळ्या वाजवण्याऐवजी वर्तुळं! आजोबांची लाल शाईची, वडिलांचीही लाल. एकच लेख कोरा राहिला होता.

तो लेख साधाच. एक माणूस स्वैपाकघरावरची कौलं शाकारतो. कुठलं फुटलं, कुठलं सरकलं. मी म्हटलं, काय रटाळ गवंडी आहे! शेवटी तो लिहितो, ‘गेल्या साली शिडी बायकोनं धरली होती. यंदा झाडाला बांधली.’ बस. रडणं नाही, भेकणं नाही. सर तिथं इतके थांबले, की त्यांच्या श्वासानं माझी काच धुरकटली.

२००४ च्या सबंध हिवाळ्यात त्यांनी त्या लेखाला वर्तुळं काढली. पेन्सिलीनं, कारण हाताचा भरवसा नव्हता. वाकडी, अक्षरांवर चढलेली. मग डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, ‘बघू’. डोळ्यांच्या डॉक्टरनं ‘बघू’ म्हटलं की माझ्या दांड्यालासुद्धा घाम फुटतो.

ऑपरेशनला जाण्याआधी सरांनी पुस्तक वाचायला, आणि सोबत मला, उपासनाच्या हवाली केलं. ही त्यांची विद्यार्थिनी, नागपूरची. भारतात येऊन गेलेल्या चिनी भिक्खूंच्या गोष्टी विहारात ऐकल्या, आणि ही पोरगी थेट चिनी शिकायला निघाली. तिच्या घरचा एक नियम होता. शेजाऱ्यांचा डबा जसा रिकामा परत द्यायचा नाही, तसं उसनं पुस्तकही होतं तसं परत द्यायचं नाही. कव्हर घालायचं, फाटलेलं चिकटवायचं, मगच द्यायचं.

“रुचा, बघ ना, सरांच्या नातीनं काय केलंय! लाल वर्तुळं बघून हिनंही पेन्सिलीनं अख्खं पान गिरबटलंय.”

रुचा तिची रूममेट. मॅगी खाता खाता म्हणाली, “यार, सो क्यूट! खोड की. सरांना सरप्राइज.”

“कागद फाटला तर?”

“हळू खोड. ते भिंग आहे ना, ते घे.”

आणि हिनं मलाच घेतलं! लोकांना घाबरवणारा मी, त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलो. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीसारखं रबर पुढे येत होतं. मी वर्तुळं जेवढी मोठी दाखवीन, तेवढं तिचं काम सोपं. तोंड असतं तर बोंब मारली असती. शिडीच्या वाक्यापाशी वर्तुळांची दाटी होती, तिथं तिनं जरा जोरच लावला. फुंकर मारली.

“झालं. एकदम नवं.”

चार दिवसांनी फोनच्या आन्सरिंग मशीनवर सरांचा आवाज आला. (बोलले इंग्रजीत. मराठी माझं, म्हणजे चुकाही माझ्या.) “उपासना, कौलांच्या लेखावर मी पेन्सिलीनं वर्तुळं काढलीत. ऑपरेशन झालं, पण आता मला जमेलसं वाटत नाही. त्यांवर शाई तू फिरव. पण आधी एकदा बघू दे. उद्या ये.”

उपासनानं ते पान उघडून दिव्याकडे धरलं. रुचाचा मॅगीचा काटा हवेतच.

“सांग ना, पुस्तक बसमध्ये राहिलं म्हणून.”

“गप गं! त्यांच्या आजोबांचं आहे ते.”

“मग परत काढ. गोलच तर आहेत.”

“कुठल्या वाक्याला काढू, रुचा?”

मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

बसमध्ये मी कोटाच्या खिशात होतो. तिनं माझा दांडा घट्ट धरलेला. तिला सरांची भीती, मला माझी. पान उघडल्यावर सरांना ते दाखवणार कोण? मीच. जन्मभर राईचा पर्वत केला, आता पुसलेली जागाही मोठी करून दाखवायची होती.

सरांच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसरा माझ्यावर टेकला. मी ओळीवरून सरकू लागलो. शिडीचं वाक्य आलं. सर थांबले. पुढे गेले, परत मागे आले. माझी काच धुरकटली.

“सर, ती... मी खोडली,” उपासना म्हणाली. “मला वाटलं, नातीनं काढलीत.”

सरांनी मला पानावर ठेवून दिलं. अजून तिथंच उताणा पडलोय. वाचकहो, माझ्या थट्टा पोटात घाला, पण एक ऐका. कुणाच्या पुस्तकात वाकडी रेघ दिसली तर रबर उचलण्याआधी थांबा. तिथं आधीच कुणीतरी थांबून गेलेलं असतं.

सरांनी लाल शाईचं पेन चाचपून शोधलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

“खोडलंस ते खोडलंस,” ते म्हणाले. “खोडताना वाचलंस का?”