चारची वेळ

वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून मी परभणीला परतले, ती डोक्यात जरा हवा घेऊनच. सौर पंप दुरुस्त करणाऱ्या आठ तंत्रज्ञांची मी प्रमुख, आणि आठही जणांना वाटेल तेव्हा माझ्या केबिनमध्ये डोकावायची खोड. पहिल्याच सोमवारी दारावर कागद चिकटवला: काम असेल त्याने आधी वेळ घ्यावी. स्टोअर सांभाळणारे दत्तराव मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आता हेमा मॅडमला भेटायला मुहूर्त काढावा लागतोय." मी लक्ष दिलं नाही.

खरं सांगते, मजा वाटत होती. अहवाल वेळेत जायचे. मेल फक्त पाचनंतर उघडायचा नियमही मी कडक पाळत होते.

भागवत मात्र त्यात बसेना. पेडगावचा, सहा वर्षं माझ्या हाताखाली. जळालेला कंट्रोलर शेतातच उघडून चालू करणारा आमच्याकडे तो एकटाच. तो नसेल तर पालमपासून येलदरीपर्यंतचे पंप महिना महिना बंद राहतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी तो दारात उभा राहिला. "मॅडम, पाच मिन्टं बोलायचं होतं." मी म्हणाले, "वेळ घे." त्याने गुरुवारची घेतली, ती मी वरिष्ठांच्या बैठकीपायी ढकलली. मग शनिवारची, तीही ढकलली. शेवटी सोमवारी चारची दिली.

सोमवारी अडीचला मोबाईलवर त्याचा निरोप आला: 'येतो मॅडम.'

मी अंगठा पाठवला.

चारला सगळं आवरून बसले. सव्वाचारला चिडून बाहेर आले. "या लोकांना वेळेची किंमतच नाही! भागवत येतो म्हणाला आणि अजून पत्ता नाही."

दत्तरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "येतो म्हनला म्हंजे निघाला की मॅडम. पुण्याला नोकरी लागली त्याला. आज सकाळीच मेल केलाय म्हनला तुमाला. दुपारी समद्यायला भेटून गेला. तुमच्या दारापाशी बी आलता, कागद वाचून माघारी फिरला."

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? जन्मभर मीही 'येते' म्हणूनच निघत आले, आणि त्याच्या निरोपाला मी अंगठा दाखवला. मला स्वतःची लाज वाटली.

फोन लावला. मागे एसटीचा खडखडाट.

"कुठे आहेस?"

"मानवत मागं पडलं मॅडम."

"अरे, एकदा सांगायचं तरी!"

"सांगायचं न्हवतं मॅडम, इचारायचं होतं. पुण्याचं आलतं, पर मन व्हईना. म्हनलं, मॅडमला इचारावं, जाऊ का नको. तुमी नको म्हनल्या असत्या तर गेलो नसतो."

"नको जाऊस," मी म्हणाले.

"आता कसं व्हईल? उद्या सकाळी तिथं हजर व्हायचंय, चारपातूर थांबलो असतो तर गाडी चुकली असती. बिऱ्हाड घेऊन निघालोय. सविता अन् लेकरं शेजारीच हायेत. शाळेचे दाखले बी काढले सकाळी."

पगार वाढवणं माझ्या हातात नव्हतं, आणि परत ये म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? मग तोच हलक्या आवाजात म्हणाला, "ठेवतो मॅडम. तुमचा टाइम जायलाय."