धर्मेंद्रचं मशीन

कार्यालयातले सगळे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं काम नूपुरने मागून घेतलं होतं. सरकारी कागद एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, तो कुणालाही, कुठल्याही मशीनवर उघडता यावा, हे ती प्रत्येक बैठकीत पोटतिडकीने सांगायची. काम वेळेआधी झालं. साहेबांनी, म्हणजे बाबारावांनी, ‘शंभर टक्के’ असा अहवाल वर पाठवला.

महिन्याभराने ती आवक शाखेत गेली, तर धर्मेंद्र हेडफोन लावून बसलेला. धर्मेंद्र जन्मांध. खाप्याहून रोज बसने यायचा, पडद्यावरचा मजकूर ऐकून टिपण्या टाइप करायचा, आणि त्याचा हात शाखेत सगळ्यात वेगवान. आज मात्र बोटं नुसती टेकलेली होती. मशीनचा दिवाही लागलेला नव्हता.

“धर्मेंद्र, मशीन बंद आहे तुमचं.”

“माहीत आहे मॅडम.”

“मग हेडफोन काहून लावला?”

“रिकामा बसलेला दिसलो तं बरं नाही वाटत.”

नूपुरने मशीन सुरू केलं, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. पडदा वाचून दाखवणारा नवा आवाज जोडाक्षरं गिळत होता, तक्त्यात शिरला की गप्पच. सॉफ्टवेअर बदलताना तिने आवाज तपासला होता, पण इंग्रजीत, दोन ओळी.

“माह्या टिपण्या बाजूच्या टेबलावरची रीना करून राहिली. बिचारी दोघांचं काम ओढते,” तो म्हणाला.

“मले सांगायचं होतं ना!”

“तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या, तक्रार करणारे बदलाले भेतात म्हणून.”

तिला ते वाक्य आठवलं. त्यावर सगळे हसले होते, तेही आठवलं.

ती तडक बाबारावांकडे गेली. धर्मेंद्रला जुनी प्रणाली परत द्या, म्हणाली.

“रिपोर्ट गेला वर. आता काय सांगू, शंभर नव्हते म्हणून? अन् तो ओरडून राहिला का?”

“तो ओरडणार नाही, सर.”

“मग तुम्ही काहून ओरडता?”

परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नूपुरने स्वतःच्या जबाबदारीवर त्याच्या मशीनवर जुनं सगळं परत टाकलं आणि तसं बाबारावांना लेखी कळवलं. इतरांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फायली तिथे सहज उघडल्या. उघडणारच होत्या. मुक्त स्वरूपाचा फायदाच तो. सगळ्यांची मशीनं सारखी करायची गरज नव्हती, आणि हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने ती सारखी केली होती.

आठवड्याच्या आत तिला मेमो मिळाला आणि संगणकांचं काम तिच्या शाखेतल्या कृष्णकांतकडे गेलं. टेबल आवरून ती आवक शाखेत डोकावली. धर्मेंद्रची बोटं चालत होती, पण मधेच थांबून तो तीच ओळ पुन्हा ऐकत होता. पूर्वी असं करत नसे.

“आवाज नीट येतो ना?”

“येतो मॅडम.” त्याने हेडफोन काढला. “पुन्हा काही बदलवणार असाल तं आधी मले विचारजा.”

आता विचारणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. हे त्याला सांगावं की नाही, ते न कळून ती दारातच उभी राहिली.