बरगडीखालची जखम

माजिवड्याच्या काळुराम सुताराचा एक हट्ट होता. गिऱ्हाईक कोणीही असो, लाकूड तोच निवडणार. अठराशे ऐंशीच्या सुमारास ठाण्याच्या पाद्रीसाहेबांनी वेदीसाठी क्रुसावरचा येशू करायला सांगितला, तेव्हाही साग त्यानंच पारखून आणला. साहेबांनी विलायतेहून एक चित्र मागवलं होतं. सहाशे वर्षांपूर्वीची ती घडण, आणि तिकडे म्हणे पुन्हा तिचंच वेड लागलं होतं. लांबुडकं अंग, मोजून घ्याव्यात अशा फासळ्या, खांद्यावर कलंडलेली मान आणि मागे टोकदार कमान. "देवाला उपाशी ठेवलाय काय?" असं काळुरामनं विचारलं, तेव्हा साहेबांना हसू आवरलं नव्हतं.

तीन महिने त्यानं त्या लाकडात जीव ओतला. राहिल्या होत्या फक्त पाच जखमा. हातांना दोन, पायांना दोन आणि उजव्या बरगडीखाली भाल्याची एक. गेले पंधरा दिवस त्या राहूनच जात होत्या, कारण काळुराम घाबरला होता. हे मलाच सांगायला हवं, तो मेला तरी कबूल करणार नाही.

मूर्तीचा साधा टवका उडाला तरी ती खंडित झाली, मग ती पूजेत ठेवायची नाही, पाण्यात सोडायची, हे त्याला बापानं शिकवलं होतं. इथे तर धडधाकट देवाला आपल्याच हातानं भोक पाडायचं. त्याची बायको तुळसा म्हणायची, असलं पाप घरातल्या गर्भारणीला भोवतं, पोराच्या अंगावर तसाच घाव उठतो. आणि लेक जया बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती.

त्या दिवशी पहाटेच जयाला कळा सुरू झाल्या. ठमाबाई सुईण आत गेली आणि खोलीचं दार लागलं. तुळसा पडवीत आली. तिथेच काळुरामचं काम चालायचं.

"अवो, आज त्या देवाला हत्यार लावाल तर माझी शपथ हाय."

"नाय लावत," तो म्हणाला.

दुपारी पाद्रीसाहेबांची बैलगाडी दारात उभी राहिली. रविवारी मुंबईहून त्यांचे थोरले धर्मगुरू येणार होते. साहेबांनी मूर्तीच्या गुळगुळीत कुशीवरून हात फिरवला.

"काळुराम, जखम कुठे आहे?"

"आमी देव खंडित करत नाय, साहेब. बाकी समदं चित्राबरहुकूम हाय."

"जखमांशिवाय हा आमचा प्रभू नव्हे. आमचे लोक त्या जखमांपुढेच डोकं टेकतात."

"आज नको. आत माझी लेक अडलीय."

आतून जयाचं कण्हणं ऐकू आलं. साहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या, पटाशी आणि ती ठोकायची मोगरी उचलली आणि म्हणाले, "पाप लागायचं असेल तर मला लागू दे. मीच करतो."

काळुरामच्या छातीवरचा धोंडा उतरला. ज्याचा देव त्यानं बघावं. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

पहिला ठोका पडला. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं की पटाशी लाकडाच्या रेषेच्या उलटी धरलीय. अजून एक ठोका, की छाती गळ्यापर्यंत उभी फाटणार. तीन महिन्यांचं काम. तो ताडकन उठला आणि साहेबांच्या हातातून पटाशी हिसकावून घेतली.

त्यानं आधी साहेबांनी उडवलेला टवका साफ केला. मग रेषेच्या कलानं, हलक्या हातानं, बरगडीखाली चीर पाडली. तिच्या कडा उकलल्या, खालच्या कडेला रक्ताचा एक ओघळ ठेवला. मग हात घेतले, मग पाय. लाकूड कसं त्याचं ऐकत होतं. पाचवी जखम पुरी झाली तेव्हा साहेब गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. काळुरामनं घाम पुसला. तेव्हा कुठे त्याच्या कानांवर तान्ह्या मुलाचं रडणं आलं.

तुळसा उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

"मुलगी झाली," ती म्हणाली.

"कूस दाव तिची."

तुळसानं लुगडं बाजूला केलं. काळुरामनं लांबूनच उजवी कूस पाहिली, डावी पाहिली, तळहात पाहिले, तळपाय पाहिले. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली.

"जयाचा जीव चालला होता," तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात रागही उरला नव्हता. "तीनदा 'बा' म्हणून हाक मारली तिनं. मी हितंच येऊन उभी राहिले. तुमी वर बघितलंच नाय."

काळुरामला एकही हाक ऐकू आली नव्हती. पटाशी हातात आल्यावर शपथ आठवली नव्हती आणि लेकही आठवली नव्हती. या गोष्टीची त्याला आता जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात कशाची वाटली नव्हती.

तो बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेला. आत जायची रीत नव्हती.

"जये," त्यानं बाहेरूनच हाक मारली.

आतल्या अंधारातून दमलेला आवाज आला. "बा, झाला का तुझा देव?"

त्यानं बाहेरूनच उंबऱ्यावर डोकं टेकलं.