धूर पिणाऱ्या झाडाचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नाही, झाडाचा. बकरीनं रोप खाऊ नये म्हणून भोवती उभा करतात ना, तो.

मित्रांनो, माझा जन्म उधन्याच्या भंगारात झाला. रंगाचा रिकामा ड्रम फाडून वेल्डरनं मला अरुंद वळवलं, भोकं पाडली, हिरवा रंग फासला आणि टेम्पोत टाकून बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, आणून सोडलं. साल असेल एक्क्याण्णव-ब्याण्णव.

मिलचा बॉयलर दिवसभर कोळसा खायचा आणि धुराड्यातून काळा धूर सोडायचा. मिलचे शेठ गुजराती. त्यांच्या भाच्यानं कुठंतरी वाचलं, की या धुरातला कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो आणि झाडं तो पितात. त्यातलं शेठनं शेवटचं तेवढं धरलं. "एक झाड लगा दो. बॉयलर छोडेगा, झाड पियेगा. बात खतम!"

दर पर्यावरण दिनाला शेठ फोटो काढवायचे. त्यात धुराडं आणि झाड दोन्ही यावीत म्हणून माझी जागा ठरली वाफेच्या पाइपाजवळ. त्या पाइपाचा सांधा गळका. सदा फुसफुस करायचा आणि गरम वाफ नेमकी माझ्या पोटात. आसोपालव आला, गेला. गुलमोहर आला, गेला. फोटो मात्र सगळे छान आले.

माळी होता सुकदेव. धुळ्याकडचा, राहायला लिंबायतला. शेठनं त्याला बजावलं, "अब ये झाड मरा, तो तू गाव जा." झाडाला काय त्याची नोकरी माहीत? आठवड्यात वाळलं. सुकदेव माझ्याशेजारी डोकं धरून बसला. त्याची बायको भागीरथी मिलमध्येच झाडू मारायची. ती आली.

"मरी गयं व," सुकदेव म्हणाला. "आते काय करानं?"

"काय करानं म्हणजे? रोज सकाळे ताजी फांदी खोचा. शेठ काय मूळ उपटून बघतो?"

मग सुरू झाली मजा. येताना सुकदेव रस्त्यातल्या कडुलिंबाची फांदी तोडायचा आणि माझ्यात खोचायचा. लिंबाची नाही मिळाली तर करंजाची. बॉयलरवर कोळसा टाकणारा वाल्मिक लांबूनच ओरडायचा, "काय सुकदेवभाऊ, काल लिंब होता, आज करंज झाला! उद्या आंबे येऊ दे!"

शेठ रोज दारातूनच बघायचे. छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हवा में फरक लग रहा है." तोडलेली फांदी, मित्रांनो! आणि शेठला हवेत फरक!

पुढच्या पाच जूनला, पर्यावरण दिनाला, शेठनं शेजारच्या मिलचे शेठलोक बोलावले. हार, पेढे, फोटोवाला. पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवलं आणि त्याच दारातून आली समोरच्या चाळीतली बकरी. मागच्या पायांवर उभी राहिली, माझ्या कडेवर पुढचे पाय टेकले, फांदी दातात धरली आणि ओढली. अख्खं झाड बाहेर! ते तोंडात घेऊन ती पाहुण्यांच्या मधून शांतपणे निघून गेली.

सुकदेवचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"अरे, झाड क्यां गयुं?" शेठ धावत आले आणि माझ्यात वाकून बघायला लागले. एवढी वर्षं ते माझ्यात कधी वाकलेच नव्हते. सांध्यानं फुस्स केलं. शेठचा चष्मा पांढरा, कान लाल. "बाप रे! आ शुं छे?"

"वाफ आहे शेठ," भागीरथी म्हणाली. "सगळी झाडं हिनंच मारली. माझ्या नवऱ्यानं नाही."

वाल्मिकही पुढं आला. "इसलिये तो ज्यादा कोयला डालना पडता है, सेठ."

"पहेलां केम ना कह्युं?"

"कहा था, सेठ. आपने बोला, बाजू में एक झाड लगा दो."

पाहुणे हसले. शेठही हसले, एवढ्या लोकांत माळ्याला हाकलायचं तरी कुठल्या तोंडानं? फिटर आला, सांधा बसला, पाइपावर उष्णता अडवणारी गुंडाळी झाली. कोळसा कमी लागला, धूर कमी झाला. सुकदेव राहिला. जाताना पाहुण्यांपैकी एकानं फिटरचा पत्ता विचारला. बाकी सगळ्यांनी पिंजरा कुठं बनवला ते विचारलं.

त्यानंतर सुकदेवनं माझ्यात खरा लिंब लावला. तो जगला. आज नव्याण्णव साल आहे आणि मी त्याच्या अंगाला चिकटून उभा आहे, म्हणून खात्रीनं सांगतो: तो पितो, पण घोट घोट. धुराडं अजूनही टोपल्यांनी ओततं. त्याची तहान खरी आहे, मित्रांनो, पण आधी ओतणाऱ्याचा हात धरा.

आणि एक विनंती. असल्या आत्मकथेच्या शेवटी पिंजरे म्हणतात, मला जपा, मला रंग द्या. माझं उलटं आहे. लिंब जाड झालाय, माझी कड त्याच्या सालीत रुततेय. सुकदेवला कुणीतरी सांगा, पत्रा कापायची कात्री घेऊन ये आणि मला काढ.

बकरीचं तोंड आता पाल्यापर्यंत पोचत नाही.